पाहा : सत्यशीला

१

अंतुरकर ग्रंथसंग्रहालय बारा ते चार बंद असायचं. पुण्यात बारा ते चार काय उघडं असतं म्हणा! शिपाई रामदास दाराला आतून कडी लावायला सांगून जेवायला जायचा, आणि उल्का बिवलकरचं खरं काम तेव्हा सुरू व्हायचं.

दोन हजार पाचची दिवाळी नुकतीच सरली होती. कसब्यातल्या त्या पहिल्या मजल्यावर एक संगणक, एक प्रिंटर, बारीक पीं-पीं करणारा एक यूपीएस आणि भिंतभर सागवानी खणांचं कपाट होतं. खणांमध्ये चौऱ्याण्णव वर्षांची कार्डं होती. ती सगळी संगणकावर चढवायची आणि डिसेंबरात समारंभानं लोकांना खुली करायची, असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. पुस्तकांची नावं चढवायला दोन मुली येऊन गेल्या होत्या. उल्काकडे आली होती ती माणसांची नावं.

ऐकायला सोपं वाटतं. पण एक केळशीकर मास्तर घ्या. एका कार्डावर ते ‘ग. वि. केळशीकर’, दुसऱ्यावर ‘गणेश विष्णू’, तिसऱ्यावर ‘केळशीकर गुरुजी’ आणि मेल्यावर ‘कै. गणेशपंत’. माणूस एक, कार्डं चार. संगणकाला वाटतं, चार जण आहेत. मग त्यातलं एक नाव अधिकृत ठरवायचं आणि बाकीची त्याच्या पोटात घालून प्रत्येकापुढे लिहायचं, ‘पाहा : केळशीकर, गणेश विष्णू’. याच्या उलटही असे. दोन रामचंद्र जोशी, एक पंचांगवाले आणि एक कोंबडीपालनवाले. त्यांना एकमेकांपासून लांब ठेवायचं.

“काय बाई, आज किती जणांचा निकाल लावलात?” चार वाजता परत आलेला रामदास विचारायचा.

“अकरा.”

“वा! म्हणजे अकरा घरची मंडळी सुखरूप.”

खाली तांबट आळीत ठोके चालू असायचे. तांब्यावर हातोडी, ठण् ठण् ठण्, दिवसभर. पहिल्या आठवड्यात उल्काचं डोकं उठलं. नंतर ते ठोके कानाला कळेनासे झाले. थांबले तरच कळायचे.

२

सत्यशीला अंतुरकर तिला एका मंगळवारी सापडली, तीही तुकड्यातुकड्यांनी.

संग्रहालय काढलं वैजनाथ अंतुरकरांनी. त्यांचा ‘रानपाला-कोश’ हे या घराचं भूषण. महाराष्ट्रातल्या रानभाज्या, औषधी पाला, वेली, आणि गावोगावी त्यांना असलेली निरनिराळी नावं. कोकणात टाकळा म्हणतात, तोच पलीकडे तरोटा, आणखी पुढे तरवटा. असा तो सातशे पानांचा कोश. दाराशीच काचेच्या पेटीत त्याची दुसरी आवृत्ती ठेवलेली होती, एकोणीसशे एकतीसची. ‘संपादक : वैजनाथ अंतुरकर’. प्रस्तावनेच्या शेवटी एक ओळ होती : ‘या कामी घरातील मंडळींचे साहाय्य झाले.’

पहिली आवृत्ती पेटीत नव्हती. ती उल्काला माळ्यावरच्या गठ्ठ्यात मिळाली, एकोणीसशे चोवीसची. तिच्या मुखपृष्ठावर लिहिलं होतं, ‘संग्राहक : सत्यशीला अंतुरकर’, आणि खाली बारीक अक्षरात, ‘प्रकाशक : वैजनाथ अंतुरकर’.

मग उल्काला चैन पडेना. जुन्या मासिकांत ‘श्रीमती उमाबाई गोळे’ या नावानं पाल्याभाज्यांवर लेख होते. ‘स. अं.’ या नावानं टिपणं होती. ‘एक भगिनी’ या सहीनं खेडोपाडीच्या बायकांकडून गोळा केलेली नावं होती. वाक्यं तीच, झाडंही तीच. सत्यशीला ही वैजनाथांची धाकटी बहीण होती. नवव्या वर्षी गोळ्यांच्या घरात जाऊन उमा झाली, बाराव्या वर्षी केस काढून माहेरी परत आली. आणि कपाटातली पहिली सहा हजार कार्डं? पहिल्या आवृत्तीच्या समासात जे टाकानं लिहिलेलं ठाशीव अक्षर होतं, तेच कार्डांवर. ग्रंथसंग्रहालयाची सूचीही तिनंच लिहिली होती. कार्डांवर ‘अंतुरकर, वैजनाथ’ हे नाव शंभर वेळा लिहिणारा हात तिचाच होता.

उल्कानं चारही नावं एकत्र केली. अधिकृत नाव : ‘अंतुरकर, सत्यशीला’. रानपाला-कोश त्या नावाखाली आणला. कितीतरी वर्षांत कामानं तिला असा आनंद दिला नव्हता.

अध्यक्ष यज्ञेश्वर अंतुरकर हे वैजनाथांचे नातू. वय एकोणसत्तर, ताठ, पांढरा शर्ट इस्त्रीचा. त्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

“बिवलकरबाई, आपल्याला नावं नीट करायला नेमलंय. पुतळे उभारायला नाही.”

“पण पहिल्या आवृत्तीवर स्पष्ट छापलंय—”

“छापखान्याची चूक. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त झाली. आजोबा सांगायचे, आजीआत्या लिहून घ्यायची. उद्या लिहून घेणाऱ्याचं नाव घालायचं ठरलं, तर परवा शाईवाला येईल मागायला.”

“तिच्या मूळ चिठ्ठ्या कुठे असतील तर ताडून बघता येईल. बारा हजार होत्या, असं एका लेखात—”

“पानशेतच्या पुरात गेल्या. आपण विचारायला जरा उशिरा आलात.” ते उठले. “आजीआत्याची ती सगळी नावं आजोबांच्या नावात घाला. एक घर, एक नाव. आणि आपली नेमणूक मार्चपर्यंतच आहे ना? कायम करण्याचा विषय जानेवारीच्या बैठकीत येईल. येईल म्हणजे, आणला तर येईल.”

उल्का काही बोलली नाही. आधीच्या कॉलेजात तिनं बारा वर्षं खपून केलेली लेखसूची विभागप्रमुखांच्या नावानं छापून आली होती. ऋणनिर्देशात लिहिलं होतं, ‘सौ. बिवलकर यांनी झेरॉक्स काढण्याच्या कामी मदत केली.’ तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

३

बुधवारी दुपारी एक वाजता तिनं नोंद उघडली. त्याआधी रिवाजाप्रमाणे सगळ्या कामाची एक सीडी काढून टेबलाच्या खणात ठेवली.

पडद्यावर विचारणा आली : ‘विलीन केलेली नोंद पुन्हा वेगळी करता येणार नाही. पुढे जायचे?’

तिनं ‘होय’ दाबलं.

सत्यशीला, उमाबाई, स. अं., एक भगिनी. चारही नावं खालच्या बारीक रकान्यात गेली. प्रत्येकापुढे उमटलं, ‘पाहा : अंतुरकर, वैजनाथ’.

मग शांतता तिच्या लक्षात आली. तांबट आळी गप्प होती. एकही ठोका नव्हता. जेवायला उठले असतील, असं तिनं मनाशी म्हटलं. पण जेवायला सगळे एकदम, ठोका अर्ध्यावर टाकून उठत नाहीत.

पाठीमागे कपाटाचा एक खण सरकला. जुना सागवानी खण ओढताना जसा घसा खाकरल्यासारखा आवाज होतो, अगदी तसा. त्यामागून कार्डं चाळल्याची फरफर आली. थोडी कार्डं, मग थांबणं. थोडी कार्डं, मग थांबणं. कोणीतरी नाव शोधत असावं, तशी.

उल्कानं मान वळवायला बराच वेळ घेतला. खोलीत कोणी नव्हतं. ‘अ’चा खण वीतभर बाहेर आला होता.

उंदीर, ती म्हणाली. खणात शिरलेला उंदीर कार्डं हलवणारच. खणाचं लाकूड थंडीत आकसतं, आपोआप सरकतं. ती उठली, खण ढकलून बंद केला. पितळी कडी कोमट लागली. हाताच्या उबेइतकी.

खाली ठोके पुन्हा सुरू झाले.

४

गुरुवारी नोंद उलटी होती.

अधिकृत नाव : ‘अंतुरकर, सत्यशीला’. पोटात : ‘अंतुरकर, वैजनाथ. पाहा : अंतुरकर, सत्यशीला’.

उल्कानं ती सुलटी केली. शुक्रवारी ती पुन्हा उलटी. शनिवारीही.

“आई, तू सिलेक्ट करताना ऑर्डर चुकवतेयस,” रात्री जेवताना सुरुची म्हणाली. उल्काची ही मुलगी हिंजवडीत टेस्टिंगमध्ये होती, तिला जगातल्या सगळ्या गोष्टी बग नाहीतर युजरची चूक वाटायच्या. “ज्या नोंदीवर आधी क्लिक करशील ती मास्टर होते. सिंपल आहे. नाहीतर तुमचं सॉफ्टवेअर कोणीतरी घरी बसून लिहिलेलं असणार.”

“तीन वेळा चुकेन?”

“तीन वेळा चुकणारी माणसं रोज बघते मी.”

उल्काला बरं वाटलं. कोणी ठामपणे बोललं की बरं वाटतं.

सोमवारी तिनं ठरवलं, मूळ कार्डांशी ताडून बघू. बारा वाजता कडी लावली आणि ‘अ’चा खण काढून टेबलावर आणला. वैजनाथांची कार्डं चाळायला घेतली.

पहिल्या कार्डावर पुस्तकाचं नाव होतं, साल होतं, पृष्ठं होती, कपाट क्रमांक होता. सगळ्यांत वर, जिथं माणसाचं नाव असतं, ती ओळ कोरी होती.

दुसरं कार्ड तसंच. तिसरंही. तिनं ती खिडकीशी नेऊन उन्हात तिरकी धरून पाहिली. खोडलेलं नव्हतं, खरवडलेलं नव्हतं, फिकं पडलेलं नव्हतं. टाकाचं टोक कागदात रुतलेली खूणही नव्हती. बाकीच्या ओळींची शाई मात्र काळीभोर होती. ज्या हातानं लिहिलं होतं, त्यानं तेवढं परत घेतलं होतं.

अशी एकशे सात कार्डं तिनं मोजली. खण जागेवर नेऊन ठेवताना तिला मागे, टेबलाजवळ, कागदावर टाक चालल्याचा आवाज आला. कर्र, कर्र. आणि अंगठा जिभेला लावून ओला करतानाचा तो बारीक आवाज. तिनं मागे पाहिलं नाही. कपाटाकडे तोंड करून ती चार वाजेपर्यंत उभी राहिली, रामदासनं दार ठोठावेपर्यंत.

“बाई, बरं नाही का?”

“रामदास, आज अध्यक्ष येणार आहेत का?”

“येणार म्हणालेत.” रामदास थांबला. कपाळावर आठ्या पडल्या. “आपले ते… अध्यक्ष. अहो, काय बरं नाव त्यांचं? एकतीस वर्षं इथं आहे मी.” तो स्वतःशीच हसला. “वय झालं बघा.”

५

अध्यक्ष आले ते दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. हातात समारंभाच्या निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा होता. त्यांनी तो टेबलावर टाकला.

“वाचा.”

उल्कानं वाचलं. ‘अध्यक्षस्थान मा.’ आणि पुढे मोकळी जागा. ‘आपला नम्र’, आणि खाली मोकळी जागा. तीनशेही पत्रिका तशाच.

“छापखानेवाला आईची शपथ घेऊन सांगतोय, प्रूफात नाव होतं. मीच तपासलेलं, होतंच. दारावरची पाटीही कोरी झाली, सुताराकडे द्यावी लागली. मतदार यादीत आमच्या घरात एकच नाव उरलंय, हिचं, आनंदीचं.” ते खुर्चीत बसले. नेहमी बसायच्या आधी रुमालानं खुर्ची झटकायचे. आज झटकली नाही. “काल सकाळी फोन उचलला. पलीकडून विचारलं, कोण बोलतंय. आणि मला, बिवलकरबाई, मला सुचेना. मी रिसीव्हर धरून उभा. आतून हिनं विचारलं, कोणाचा फोन? मी म्हटलं, राँग नंबर.”

खाली ठोके चालू होते. उल्काला त्यांचा आधार वाटला.

“तुम्ही ते यंत्रात काय केलंत?”

“तुम्ही सांगितलंत तेच. ते रोज उलटं होतंय.”

त्यांनी कपाटाकडे पाहिलं. मग एखादी क्षुल्लक गोष्ट सांगावी तशा सुरात म्हणाले, “त्या चिठ्ठ्या पुरात नाही गेल्या.”

“मग?”

“पूर जुलैत आला. माझं लग्न मे महिन्यात झालं, त्याच वर्षी. घरात साठ पाहुणे. आजीआत्या जाऊन चौदा वर्षं झाली होती, तिची ट्रंक जिन्याखाली पडलेली. लाकडं ओली निघाली. मी पंचवीस वर्षांचा होतो. बंबात घातल्या मी त्या. मूठमूठ घालायचो. छान पेटायच्या. आठ दिवस साठ माणसांच्या आंघोळी झाल्या त्यावर.” त्यांनी चष्मा पुसायला काढला आणि तसाच हातात धरला. “मुखपृष्ठावर तिचं नाव होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. वडिलांनी सांगितलेलं. घराण्याच्या नावाचा प्रश्न होता.”

उल्काला लेखातलं वर्णन आठवलं. बारा हजार चिठ्ठ्या. प्रत्येकीवर एका पानाचं नाव, ते सांगणाऱ्या बाईचं नाव, तिच्या गावाचं नाव. आणि त्यावर उकळलेलं पाणी.

“हे परत पहिल्यासारखं करता येईल?” त्यांनी विचारलं.

सीडी तिच्या गुडघ्याशी, टेबलाच्या खणात होती.

“तुम्ही लिहून द्या,” ती म्हणाली. “कोश सत्यशीलाबाईंचा आहे, चिठ्ठ्या तुम्ही जाळल्यात. समारंभात ते वाचून दाखवा. मग मी नोंद वेगळी करायचा प्रयत्न करते.”

यज्ञेश्वर अंतुरकर क्षणभर जुने यज्ञेश्वर अंतुरकर झाले. “सूची करायला ठेवलेल्या बाईनं मला अटी घालायच्या? आजोबांचं नाव मी माझ्या हातानं पुसणार नाही.”

“मग काही करता येणार नाही,” उल्का म्हणाली. “तसं आधीच लिहून आलं होतं पडद्यावर.”

ते गेले. जिन्यावर त्यांची पावलं मध्येच थांबली, जणू खाली जायचं की वर, तेच आठवेना. उल्कानं खणाला किल्ली लावली. आपल्याला वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं. वाटत मात्र नव्हतं. घशाखाली काहीतरी गोड, ऊन उतरत होतं, आणि तिला ते आवडत होतं.

६

पुढच्या सोमवारी आनंदीबाईंचा फोन आला. अध्यक्षांच्या पत्नी. एरवी संक्रांतीला तिळगूळ पाठवण्यापलीकडे कधी बोलल्या नव्हत्या.

“उल्काताई, हे शुक्रवारी सकाळी फिरायला गेले ते आलेच नाहीत हो. पोलिसांत दिलंय. दवाखाने पालथे घातले. मुलगा अमेरिकेहून निघालाय. जिथं तिथं नाव विचारतात आणि म्हणतात, या नावाचं कोणी नाही. तिकडे संग्रहालयात तर येऊन बसले नाहीत ना?”

“नाही,” उल्का म्हणाली. फोन ठेवताच तिनं खणाची किल्ली शोधून ठेवली.

रामदास जेवायला गेल्यावर तिनं सीडी काढली. यंत्रात घातली. त्या पहिल्या बुधवारच्या आधीचं सगळं काम शाबूत होतं. सत्यशीला वेगळी, वैजनाथ वेगळे, दोघंही आपापल्या जागी. फक्त ते आजच्यावर घालायचं होतं. विचारणा आली : ‘पुढे जायचे?’

बाहेरचे ठोके थांबले.

या वेळी खण सरकला नाही. आधी ऊब आली. पाठीला, मानेला, न्हाणीघराचं दार उघडल्यासारखी ओली ऊब. मग वास आला. जळणाऱ्या जुन्या कागदाचा, तापलेल्या तांब्याचा. पडद्याच्या काचेवर वाफ धरली आणि अक्षरं पुसट झाली. तिच्या उजव्या खांद्यामागे, अगदी जवळ, कोणीतरी उभं होतं. श्वास ऐकू येत नव्हता. फक्त ओल्या अंगठ्यानं कागद चाळल्याचा आवाज येत होता, एक, एक, एक, बारा हजार असल्यासारखा, घाई नसल्यासारखा.

उल्काचं बोट कळीवर होतं. दबत नव्हतं.

हा संधिवात आहे, तिनं स्वतःला सांगितलं. मला ताप आलाय. खालच्या दुकानात कोणी तांबं तापवतंय. हे सगळं खरं असू शकलं असतं. पण तिला आणखी एक गोष्ट जाणवली, आणि ती तिनं नंतर सुरुचीलाही सांगितली नाही. मागे उभं असलेलं जे होतं, ते तिच्यावर चिडलेलं नव्हतं. ते वाट बघत होतं. आपल्या बाजूनं कोण आहे, हे बघत होतं.

तिनं बोट उचललं. ‘नाही’ दाबलं.

ऊब गेली. काचेवरची वाफ वरून खाली उतरत गेली आणि खोली नोव्हेंबरातल्या खोलीसारखी गार झाली. उल्कानं सीडी काढून दोन्ही हातांनी वाकवली. ती तुटली तेव्हा एवढा मोठा आवाज झाला, की ती स्वतःच दचकली.

७

मंगळवारी सकाळी पोलिसांनी कळवलं, की कात्रजच्या बसस्टॉपवर एक वृद्ध गृहस्थ सापडले होते, स्वतःचं नाव सांगू न शकणारे. त्यांना एका मोठ्या सरकारी दवाखान्यात ठेवलंय. आनंदीबाईंचा मुलगा अजून विमानातच होता. “तुम्ही याल का सोबत?” त्यांनी विचारलं. नाही म्हणायला उल्काला कारण सापडलं नाही.

रिक्षात आनंदीबाई सारख्या बोलत होत्या, भीती वाटणारी माणसं बोलतात तशा. “नाव विचारतात हो सगळीकडे. आमच्या वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नाही. चव्वेचाळीस वर्षं ‘अहो’ यातच गेली. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आणि आता घ्यायला जावं तर जिभेवर येतच नाही. किती छान नाव आहे. यांच्या त्या आजीआत्यानं सुचवलेलं. बारशाला पाळण्यापाशी मात्र उभं केलं नाही बिचारीला. केस काढलेली बाई, अपशकुन नको म्हणून. दुसरीनंच कोणीतरी बाळाच्या कानात नाव सांगितलं. ती म्हणे माजघरात बसून होती दिवसभर, तोंडातल्या तोंडात तेच नाव म्हणत.”

रिक्षा दवाखान्याच्या फाटकाशी थांबली.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. दोन्हीकडे खाटा, मधून चिंचोळी वाट, फिनेलचा वास. भेटायची वेळ असल्यामुळे गर्दी होती. डबे, पोरं, संत्र्याची सालं. सिस्टरनं शेवटच्या खाटेकडे बोट केलं.

“कोपऱ्यातले. बघा ओळखीचे आहेत का. नाव सांगा, मी कागदावर घालते, मग तुमच्या ताब्यात. नाहीतर अनोळखीतच राहतील.”

खाटेवर यज्ञेश्वर अंतुरकर होते. दाढीचे खुंट वाढलेले, दवाखान्याचा निळा सदरा. चेहरा तोच होता. नाक, जिवणी, भुवईवरचा तीळ, सगळं जागच्या जागी. आणि तरी तो चेहरा कुणाचाच नव्हता. दाराशेजारची पाटी काढली की भिंतीवर जो फिका चौकोन उरतो, तसा.

त्यांच्या उशाशी एक बाई बसली होती. विटक्या तांबड्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. पाठमोरी. पदराखालून मानेचा वरचा भाग दिसत होता, तासलेला, गुळगुळीत. ती त्यांच्या कानाशी वाकली होती आणि काहीतरी सांगत होती. आवाज येत नव्हता. कानावर आडवा धरलेला हात दिसत होता. अंगठा शाईनं काळा होता.

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला संत्रं सोलून देणारी बाई मध्येच वाकून तिथून पाण्याची बाटली घेऊन गेली. त्या लुगड्याला तिचा हात लागायला हवा होता. तो लागला नाही.

आनंदीबाई खाटेच्या पायथ्याशी थांबल्या. खूप वेळ बघत राहिल्या. “अहो,” त्यांनी हलकेच हाक मारली. खाटेवरच्या माणसानं डोळे हलवले, पण ते हाकेकडे वळले नाहीत. ते कानाशी चाललेल्या बोलण्यात गुंतले होते.

“हेच का?” सिस्टरनं विचारलं.

“यांच्यासारखे दिसतात. पण… मला कळत नाही हो.” आनंदीबाई आणखी पुढे वाकल्या. “हे असे नव्हते.”

“नाव काय तुमच्या मिस्टरांचं?”

आनंदीबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. मग त्या उल्काकडे वळल्या, आणि लहान मुलानं बघावं तसं तिच्याकडे बघितलं. “उल्काताई, तुम्ही सांगा ना. तुम्ही रोज नावांचंच काम करता.”

उल्काला नाव आठवत होतं. लख्ख आठवत होतं. अंतुरकर, यज्ञेश्वर माधव. जन्म एकोणीसशे छत्तीस. जिभेच्या टोकावर होतं ते, नुसतं तोंड उघडायचा अवकाश होता.

उशाशी बसलेली बाई बोलायची थांबली. तिनं मान वळवली नाही. पदर तेवढा किंचित सरकला, ऐकण्यासाठी माणूस कान मोकळा करतो तसा.

खाटेवरच्या म्हाताऱ्याची नजर उल्काला सापडली. आता तीत ओळख होती. तिला ओळखलं होतं त्यानं. त्याचे ओठ हलले. बाई, असं तो म्हणत असावा.

“नाही,” उल्का म्हणाली. आवाज अगदी साधा, नेहमीचा निघाला. “हे ते नव्हेत. मी यांना ओळखत नाही.”

सिस्टरनं कागदावर काहीतरी खरडलं आणि दुसऱ्या खाटेकडे गेली. पदर पुन्हा जागेवर आला. ती बाई पुन्हा कानाशी वाकली.

जिन्यावर आनंदीबाईंनी उल्काचा दंड धरला. त्यांना एकेक पायरी उतरायला वेळ लागत होता.

“बरं झालं बाई, तुम्ही सोबत होतात,” त्या म्हणाल्या. “मला क्षणभर वाटलं होतं, हेच ते.”